महाकाय कुत्र्यांच्या क्रेटचा ट्रे टिकवायचा कसा

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड किंवा इंग्लिश मास्टिफ पाळणाऱ्या घरांत एक खर्च पुन्हा पुन्हा होतो. तारेच्या क्रेटमधला, म्हणजे कुत्र्याच्या जाळीच्या पिंजऱ्यातला, काळा प्लास्टिकचा ट्रे तडकतो, तसाच दुसरा मागवला जातो आणि काही महिन्यांत तोही तडकतो. मग कुणी जाड प्लास्टिक घेतं, कुणी पत्रा टाकतं. पत्रा गंजतो किंवा रात्रभर खडखडतो, आणि शेवटी ट्रे काढून टाकून कुत्र्याला नुसत्या जाळीवर गोधडी घालून झोपवलं जातं. हे सगळ्यांत वाईट. सत्तर-ऐंशी किलोच्या कुत्र्याचे पंजे आणि कोपर तारांवर टेकता कामा नयेत.

मूळ गोष्ट अशी की ट्रे कुत्र्याच्या वजनाने फुटत नाही, तो खालच्या पोकळीमुळे फुटतो. हाच ट्रे सपाट फरशीवर ठेवून त्यावर ऐंशी किलोचा माणूस उभा राहिला तर त्याला काही होत नाही. क्रेटमध्ये मात्र तो तारांच्या जाळीवर टेकलेला असतो, जाळी चार कोपऱ्यांतल्या पायांवर उभी असते, आणि मधला सगळा भाग अधांतरी असतो. कुत्रा वळला की ट्रे वाकतो, सरकला की पुन्हा सरळ होतो. दिवसातून शंभर वेळा असं झालं की प्लास्टिक थकतं. म्हणून आधी खालची पोकळी भरायची, मग ट्रेचा माल निवडायचा. क्रम उलटा झाला तर महागडा ट्रेही वाया जातो.

भार नेमका कुठे येतो तेही पाहू. उभ्या कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. सत्तर किलोचा डेन म्हणजे पुढच्या एकेका पंजावर वीस-एकवीस किलो. अरुंद जागेत वळताना तो पुढचा एक पाय उचलतो, तेव्हा तो सगळा भार दुसऱ्या पंजावर जातो. बसताना आणखी वाईट: मोठी कुत्री हळूच बसत नाहीत, शेवटच्या चार-पाच इंचांत अंग सोडून देतात आणि कोपर आधी आपटतं. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बसलेला तो दणका असतो. ट्रेच्या मधोमध आडवी चीर जाते ती बहुतेक वेळा याच जागी.

जुना ट्रे फेकण्याआधी वाचून घ्या

तडकलेला ट्रे धुऊन, पुसून खिडकीशी धरा. उजेड तिरपा पडला की काळ्या प्लास्टिकवर पांढुरक्या रेषा दिसतात. प्लास्टिक जिथे वाकून वाकून थकलंय तिथे या रेषा उमटतात, आणि चीर पडण्याच्या कितीतरी आधी उमटतात. रेषा समांतर आणि ठरावीक अंतरावर असतील तर त्या खालच्या तारांच्या रेषा आहेत: ट्रे दोन तारांच्या मध्ये खचतोय. एकच मोठी रेषा मधोमध आडवी गेली असेल तर अख्खी जाळीच मध्ये झोल खातेय. रेषा कोपऱ्यांतून तिरप्या निघत असतील तर ट्रे लहान पडतोय आणि सरकून आपटतोय, किंवा मोठा पडल्यामुळे कोंबला गेलाय. एका टोकाला, बहुतेक दाराशी, ओरखड्यांचा पुंजका असेल तर तिथे कुत्रा उकरतोय, आणि त्याचा इलाज ट्रेमध्ये नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

रेषा कुठेच नाहीत, पण ट्रे बिस्किटासारखा तुकडे होऊन फुटलाय, असं असेल तर उन्हाचा परिणाम समजा. बाल्कनीत किंवा अंगणात ठेवलेल्या क्रेटचं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं. असा ट्रे ताबडतोब बदला, कारण त्याचे तुकडे काचेसारखे धारदार असतात.

पहिलं काम: खालची पोकळी भरणं

ट्रे बाहेर काढा. जाळीच्या मधोमध तळहात रोवून अंगाचा पूर्ण भार द्या. जाळी खाली गेली आणि फरशीला टेकली तर पोकळी आहे. किती आहे ते मोजा: जाळीच्या बाजूने पट्टी उभी धरून फरशीपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर पाहा. रबरी बूट लावलेल्या क्रेटमध्ये हे अंतर १० ते २० मिमी असतं. बूट नसतील तर तारांच्या जाडीइतकंच, म्हणजे ४ ते ६ मिमी.

ही पोकळी भरायला प्लायवूड किंवा टणक रबर घ्या. मुलांच्या खेळण्याच्या खोलीतल्या रंगीत फोमच्या टाइल्स इथे चालत नाहीत. त्या दाबल्या जातात आणि पोकळी पुन्हा तयार होते. अंतर १२ मिमी असेल तर १२ मिमी प्लाय, १५-१६ असेल तर तेवढ्याच जाडीची रबर मॅट. एखाद मिलिमीटर जास्त झालं तर हरकत नाही, कमी नको. जाळी आणि भराव यांच्यात हवा राहिली की केलेलं काम निम्म्यावर येतं.

प्लाय घेताना बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय मागा. साध्या एमआर प्लायला सततची ओल सहन होत नाही. कुत्र्याचं मूत, पाण्याच्या भांड्यातून सांडलेलं पाणी, फरशी पुसतानाचं पाणी, सगळं शेवटी प्लायच्या कडेलाच पोहोचतं. म्हणून रंग लावताना आधी कडा: कडांना एनॅमलचे तीन हात, पृष्ठभागाला दोन. प्लाय कडेकडून पाणी पितो, पृष्ठभागाकडून फार कमी. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान पाच-सहा दिवस, तो वाऱ्यावर ठेवा. कुत्र्याचं नाक त्याच्यापासून इंचभर अंतरावर असणार आहे.

मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी मी प्लायऐवजी रबरच सुचवेन. पावसाळ्यात प्लाय आणि फरशी यांच्यामध्ये बुरशी धरते, आणि ती ट्रे रोज पुसणाऱ्यालाही दिसत नाही.

दुसरी पोकळी जाळी आणि ट्रे यांच्यातली. स्वस्त क्रेटमध्ये खालच्या तारा एकमेकींपासून लांब असतात आणि ट्रे त्यांच्या मध्ये खचतो. इथे तारांच्या वर, ट्रेच्या खाली, ३ मिमी रबराची शीट अंथरा. दोन फायदे होतात: आधार सलग मिळतो आणि खडखड थांबते. फक्त ट्रे सरकवण्याची फट तेवढी उंच आहे का ते आधी मोजा. फट २५ मिमी आणि ट्रेचा काठ २४ मिमी असेल तर ३ मिमी रबर बसणार नाही. मग रबराऐवजी फक्त खालचा भराव करा आणि ट्रे जाड घ्या.

एक साधा हिशेब लक्षात ठेवला तर निवड सोपी होते. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि खचणं आधारांमधल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ६ मिमी ऐवजी ८ मिमी शीट घेतली तर ताठपणा सव्वादोन पटीपेक्षा जास्त वाढतो. पण आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर खचणं थेट आठव्या हिश्शावर येतं. शे-दोनशे रुपयांचा रबराचा तुकडा महागड्या ट्रेपेक्षा जास्त काम करतो, तो असा.

कोणता माल घ्यावा, कोणता टाळावा

आधी टाळायचे सांगतो, कारण पैसे तिथेच वाया जातात.

अॅक्रिलिक नको. दिसायला सुंदर, पण फुटलं की सुऱ्या तयार होतात. साइनबोर्डवाल्यांकडची अॅल्युमिनियम कॉम्पोझिट शीट नको. तिचा वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो, नख एकदा आत गेलं की पत्र्याची धार उघडी पडते. फर्निचरला वापरतात तो पीव्हीसी फोम बोर्डही नको. त्यावर बोटाच्या नखानेसुद्धा खाच पडते, मास्टिफच्या नखाचं काय बोलावं. पॉलीकार्बोनेटचं नाव बरेच जण घेतात, कारण ते हातोड्यानेही फुटत नाही. पण अमोनिया त्याचा शत्रू आहे. मुतातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि मूत वारंवार साचत राहिलं तर पॉलीकार्बोनेटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा मधल्या पायरीवर आहे. स्वस्त आणि ताठ, पण कापलेल्या कडेला जस्त नसतं, तिथून गंज सुरू होतो. मुतातले क्षार उरलेलं जस्त खातात. मोठ्या, शिकलेल्या, क्रेटमध्ये कधीच घाण न करणाऱ्या कुत्र्याला तो चालेल. पिल्लाला किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला चालणार नाही.

उरले तीन चांगले पर्याय: ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा काठ वळवलेला ट्रे, एचडीपीई या चिवट प्लास्टिकची सपाट शीट, आणि ट्रेच न ठेवता जाड रबर.

स्टेनलेसचा ट्रे बनवून घेणं

लघवीचा प्रश्न असेल, म्हणजे म्हातारा, आजारी किंवा ऑपरेशन झालेला कुत्रा असेल, तर हाच ट्रे. काठामुळे ओल बाहेर येत नाही आणि स्टीलमध्ये वास मुरत नाही.

मापं क्रेटच्या नावावरून घेऊ नका. ४८ इंची क्रेट म्हणजे बाहेरून ४८ इंच. आतली जागा कमी असते आणि दर कंपनीची वेगळी असते. टेप आत टाकून तीन ठिकाणी लांबी आणि तीन ठिकाणी रुंदी मोजा आणि सगळ्यांत लहान माप धरा. ते ११७० × ७१० मिमी आलं असं समजू. चारी बाजूंनी १० मिमी मोकळे सोडले की ट्रे ११५० × ६९० चा होतो. मग जाड पुठ्ठ्याचा याच मापाचा तुकडा कापून क्रेटमध्ये घालून बाहेर काढून पाहा. कोपऱ्यातल्या बिजागऱ्या आणि आत वळलेल्या तारा पुठ्ठ्यालाच अडतात, आणि ते पत्रा कापण्याआधी कळलेलं बरं.

काठाची उंची जुन्या ट्रेइतकी किंवा त्याहून दोन मिमी कमी. साधारण २५ मिमी धरा. काठाची वरची कड ८ मिमी दुमडून घ्यायलाच हवी. न दुमडलेला पत्रा पंजा कापतो, ट्रे ओढून काढताना तुमचा हातही कापतो. आता हिशेब: ११५० अधिक दोन्ही बाजूंचे ३३-३३, म्हणजे १२१६ मिमी. रुंदी तशीच ७५६. बाजारात स्टीलची शीट ८ × ४ फुटांची, म्हणजे २४४० × १२२० मिमीची मिळते. १२१६ हे माप १२२० मध्ये जेमतेम बसतं आणि एका शीटमधून तीन ट्रे निघतात. काठ ३० मिमीचा केला तर हेच माप १२२६ होतं आणि एका शीटमधून एकच ट्रे निघतो. ओळखीत आणखी दोघांकडे मोठी कुत्री असतील तर एकत्र शीट घ्या.

जाडी १.२ मिमी, म्हणजे १८ गेज. १ मिमीचा ट्रे मध्ये फुगतो आणि कुत्रा चालताना डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् आवाज करतो. १.५ मिमी मजबूत असतो, पण साप्ताहिक सफाईसाठी एकट्याने उचलायला जड जातो. १.२ चा वरच्या मापाचा ट्रे पावणेनऊ किलोच्या आसपास भरतो. ५४ इंची क्रेटचा ट्रे चौदा किलोपर्यंत जातो, त्याला दोन माणसं लागतात.

स्टील घेताना ३०४ असं बिलावर लिहून घ्या. बाजारात २०२ ग्रेडही स्टेनलेस म्हणूनच विकलं जातं. ते स्वस्त असतं आणि मुताने लवकर डागाळतं. चुंबकाने हा फरक कळत नाही, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. दुकानदाराकडे ग्रेड तपासायच्या द्रावाची बाटली असते, थेंब टाकून रंग दाखवायला सांगा. अगदी समुद्राकाठी राहत असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर ३१६ उत्तम.

मुंबईत स्टील गुलालवाडीत, रबर आणि हार्डवेअर नागदेवी स्ट्रीटवर मिळेल. पुण्यात प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे. बेंडिंगचं काम भोसरीत, नाशिकला सातपूर-अंबडमध्ये किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीतला कुठलाही पत्र्याचं काम करणारा करतो. त्याला चार गोष्टी स्पष्ट सांगा: कोपरे आर्गॉन वेल्डिंगने पूर्ण बंद करायचे, नुसते टाके नकोत, वेल्ड आतून घासून गुळगुळीत करायचा, काठाची कड बाहेरच्या बाजूला दुमडायची, म्हणजे आत घाण अडकणार नाही, आणि पॉलिश नको, मॅट फिनिश हवं. चकचकीत पॉलिशवर कुत्रा घसरतो. घरी आणल्यावर पाच लिटर पाणी ओतून तासभर ठेवा. कोपऱ्यातून थेंब आला तर ट्रे परत न्या.

एचडीपीईची सपाट शीट

स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड पाहा. सुरीचे हजार घाव सोसून तो फुटत नाही. बरेचसे बोर्ड याच मालाचे असतात. मोठ्या झालेल्या, क्रेटमध्ये घाण न करणाऱ्या कुत्र्यासाठी हा सर्वांत चांगला पर्याय: आवाज नाही, गंज नाही, हिवाळ्यात थंडगार लागत नाही. खालचा भराव केला असेल तर ८ मिमी पुरे, नसेल तर १० मिमी. वरच्याच मापाची ८ मिमीची शीट सहा किलोच्या आसपास भरते.

१. पुठ्ठ्याचा साचा शीटवर ठेवून मार्करने आखा. कोपरे काटकोनात ठेवू नका, ५० मिमी त्रिज्येची गोलाई द्या. स्वयंपाकघरातली एखादी वाटी उपडी ठेवून आखली तरी चालेल.

२. बारीक दातांच्या जिगसॉने, कमी वेगावर कापा. वेग जास्त झाला तर प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं आणि कापलेली जागा मागून पुन्हा जुळून येते.

३. कडा सुरीच्या पाठीने खरवडून गोल करा. सँडपेपरने केस उठतात, ते कुत्रा चावतो.

४. लांबीत निदान ६ मिमी फट सोडा. एचडीपीई उन्हाळ्यात बराच फुगतो. हिवाळ्यातली सकाळ ते मे महिन्यातली दुपार एवढ्या फरकात सव्वा मीटरभर शीट चार-पाच मिमी लांबते. फट नसेल तर ती मध्ये कमानीसारखी वर येते, आणि ती कमान म्हणजे नवी पोकळी.

५. शीटला पकड नसते, म्हणून वर ४-५ मिमीची खरबरीत रबर मॅट अंथरा. चिकटवायला जाऊ नका. एचडीपीईला सिलिकॉन, अराल्डाइट, फेविक्विक काहीही धरत नाही. चिकटल्यासारखं वाटतं आणि आठवड्यात सुटतं.

याच कारणाने या शीटला काठ लावता येत नाही. तो गरम हवेच्या प्लास्टिक वेल्डिंगनेच लागतो आणि ते काम सफाईने करणारे कमी. काठ हवाच असेल तर सरळ स्टीलचा ट्रे घ्या.

ट्रे नकोच, नुसतं रबर

५४ इंची क्रेट घरात एकाच जागी कायमचा असेल तर खालची जाळी आणि ट्रे दोन्ही काढून क्रेट थेट रबर मॅटवर उभा करता येतो. गोठ्यात गाई-म्हशींसाठी घालतात ती मॅट घ्या. ती पाचशे किलोच्या जनावराचे खूर सोसण्यासाठी बनलेली असते. साधारण साडेसहा फूट × चार फूट, १५ ते १८ मिमी जाड. पण आधी पाहा की जाळी काढल्यावर क्रेटचा सांगाडा कडक राहतो का. काही क्रेटमध्ये जाळीच चारी भिंतींना धरून ठेवते. ती काढली की डेन खांद्याने धक्का देऊन अख्खा क्रेट उचलतो आणि खालून निघतो, किंवा अर्ध्यात अडकतो, जे जास्त धोक्याचं आहे.

रबर कापताना मॅटच्या खाली लाकडी पट्टी ठेवून कापायची रेघ ताणून धरा, पात्याला साबणाचं पाणी लावा आणि एकाच दमात कापू नका, चार-पाच वेळा पातं फिरवा. नव्या रबराला तीव्र वास असतो. साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन आठवडाभर सावलीत वाऱ्यावर ठेवल्याशिवाय आत वापरू नका. आणि काळं रबर उन्हात ठेवू नका. विदर्भातल्या मे महिन्यात ते पंजा भाजेल इतकं तापतं, स्टीलचंही तसंच.

कडी, खडखड आणि वरचं अंथरूण

ट्रे सरकवायच्या फटीला एक छोटी कडी असते. ती हरवली की कुत्रा पंजाने ट्रे बाहेर ढकलतो, आणि अर्धा बाहेर आलेला ट्रे हमखास तुटतो, कारण आतल्या अर्ध्यावर कुत्रा उभा असतो. तिच्या जागी प्लास्टिकचा केबल टाय लावू नका, तो दहा मिनिटांत चावून गिळला जातो. ५ मिमीचा स्टीलचा शॅकल (पेचाने बंद होणारी यू आकाराची कडी) दोन तारांमधून बाहेरच्या बाजूने घाला.

खडखडीसाठी गाडीच्या दाराच्या कडेला लावतात ती रबराची पट्टी ट्रेच्या बाहेरच्या काठावर बसवा. नमदा वापरू नका, त्यात मूत मुरतं.

ट्रेचं आयुष्य सर्वांत जास्त वाढवणारी वस्तू ट्रेच्या वर असते: तीन ते चार इंच जाडीची, घट्ट फोमची, जलरोधक कव्हरची गादी. कोपराचा दणका ती पसरवते. आणि ट्रेचं सोडाच, मोठ्या जातींना कठीण जमिनीवर झोपून कोपरावर घट्टे पडतात, कधी पाणी भरून मऊ गाठ येते. त्यासाठीसुद्धा ही गादी हवीच. तळहाताने जोरात दाबा. हाताला खालचा ट्रे लागला तर फोम मेलेला आहे.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा. फरशीवर चालताना टक-टक ऐकू येत असेल तर ती वाढली आहेत.

सफाईत ट्रे खराब होतो तो असा

मूत आधी कापडाने टिपून घ्या, मग साध्या पाण्याने धुवा, मग साबण. वास उरला तर एन्झाइमचं क्लीनर. ब्लीच कधीच नाही. मुतातल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू तयार होतो, आणि स्टेनलेसला त्याने बारीक खड्डे पडतात. फिनाइलही नको. कुत्री ट्रे चाटतात आणि पंजेही चाटतात. व्हिनेगर स्टील आणि एचडीपीईवर अर्ध्या पाण्याबरोबर चालतं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर चालत नाही. ते जस्त खातं. स्टीलवर तारेची घासणी फिरवू नका. तिचे लोखंडी कण चिकटून राहतात आणि दुसऱ्या दिवशी स्टेनलेसलाच गंज आल्यासारखे तांबूस ठिपके दिसतात. नायलॉनचा ब्रश पुरतो.

आठवड्यातून एकदा ट्रे पूर्ण बाहेर काढून खालची बाजू पुसा, पावसाळ्यात दोनदा. खालची जागा पंख्याखाली कोरडी झाल्याशिवाय ट्रे परत घालू नका.

उकरणारा कुत्रा

ओरखडे दाराशी असतील तर कुठलाही ट्रे टिकणार नाही, आणि तो टिकवणं हे उद्दिष्टही नाही. तो कुत्रा बाहेर येऊ पाहतोय. तास मोजा. मोठ्या कुत्र्याला दिवसा चार-पाच तासांहून जास्त सलग बंद ठेवणं चूक आहे. क्रेटची उंची पाहा. डेनला मान वर करून उभं राहता येत नसेल तर तो उकरणारच. एकटं राहण्याची भीती असेल तर दार उघडं ठेवून, आत जेवण देऊन, मिनिटा-मिनिटाने वेळ वाढवत पुन्हा शिकवावं लागतं, आणि जमत नसेल तर पशुवैद्याशी बोलावं. दिवाळीचे फटाके आणि गणपतीतले ढोल-ताशे चालू असताना दार बंद करू नका. घाबरलेला सत्तर किलोचा कुत्रा स्टीलवर नखं मुळापासून उपटून घेतो. दार उघडं ठेवा, क्रेटवर जाड चादर टाका, आणि शक्य असेल तर शेजारी बसा.

पिल्लू असेल तर, आणि चीर पडलीच तर

मोठ्या जातीचं पिल्लू दीड ते दोन वर्षं वाढतं. पहिलं वर्षभर मूळचा प्लास्टिक ट्रे आणि खाली भराव एवढंच ठेवा, बनवून घेण्याचा खर्च नंतर करा. क्रेटची जागा लहान करणारा मधला जाळीचा पडदा लावला असेल तर तो ट्रेवर एकाच रेषेत दाबतो. दर महिन्याला तो थोडा सरकवा. तसंही पिल्लू वाढतच असतं.

चीर पडली तर तिच्या दोन्ही टोकांना ४ मिमीचं भोक पाडा. टोक गोल झालं की चीर पुढे पळत नाही. नवा ट्रे येईपर्यंत दोन-तीन आठवडे एवढ्याने निघतात. वरून चिकटपट्टी लावू नका, ती सोलून खाल्ली जाते. ट्रेखालच्या त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर माल एचडीपीई किंवा पीपी (पॉलीप्रॉपिलीन) आहे, गोंद लावण्यात वेळ घालवू नका. चीर काठापर्यंत पोहोचली किंवा तुकडा निघाला तर ट्रे त्याच दिवशी बाहेर काढा. आणि निघालेले तुकडे फरशीवर जुळवून पाहा. एखादा कमी भरला आणि कुत्रा ओकतोय, खात नाही, पोट ताठ झालंय, असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या, आणि जुळवलेले तुकडे सोबत घ्या. आत काय शोधायचं ते त्यावरून त्यांना कळतं.